वहीतला रणजित

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी आई रोज विचारते, "तिकडे नक्की झालं काय?" बाबा उत्तर देत नाहीत, आणि मी सांगायला लागले की मधेच माझा आवाज चढतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. ज्यांनी आमचा तो भाग पाहिलेला नाही त्यांनाही कळेल आणि आईलाही.

आधी आमच्याबद्दल थोडं. मी मुक्ता, वय सव्वीस. जन्म रत्नागिरीचा, माझं औषधांचं दुकान रत्नागिरीत, आईचं माहेर तिथून तासाभरावर. बाबा मात्र मूळचे छत्रपती संभाजीनगरकडचे. वीज खात्यात नोकरी लागली म्हणून तरुणपणीच कोकणात आले आणि भात-मासे खायला शिकले. एकुलती एक मी. माझं आडनाव ऐकलं की दुकानात येणारा दर दुसरा माणूस म्हणतो, "तुम्ही इथल्या नाही वाटतं?" आणि बाबांच्या माणसांत गेले की माझं बोलणं ऐकून तेही हेच म्हणतात. तशी तिकडे गेले तरी किती वेळा? लहानपणी दोनदा, तेही शहरात, आत्याकडे. गावाचा विषय काढला की बाबांचं ठरलेलं असायचं, "काय आहे तिथे? उन्हाने पोळशील."

या हिवाळ्यात भाऊकाकांचा फोन आला. भाऊकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. गावची शेती तेच बघतात. त्यांनी सांगितलं, भाट येणार आहेत. भाट म्हणजे आमच्या घराण्याची वंशावळ सांभाळणारे. त्यांच्या वहीत पंधरा पिढ्यांची नावं आहेत. दहा-बारा वर्षांनी ते गावात येतात, सगळ्या भावकीसमोर ती नावं मोठ्याने वाचतात आणि मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं ते लिहून घेतात. हे ऐकून मी उडालेच. पंधरा पिढ्या, आणि त्यांच्या शेवटी मी! लगेच ठरवून टाकलं, की जायचं, त्या माणसाच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं, मोबाइलवर घ्यायचं आणि दुकानात येणाऱ्या चौकशीखोरांना ऐकवायचं. बाबा म्हणाले, "कंटाळशील तू." असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण मी ऐकणारी नव्हे.

मुकुंदवाडी

प्रवासाचं रडगाणं गात नाही. सकाळी संभाजीनगरातल्याच मुकुंदवाडीच्या छोट्या स्टेशनवर उतरलो तर अंगावर शहारा आला. थंडी अशी कोरडी, की ओठ फुटले. आमच्याकडे हिवाळ्यातही हवा दमट असते. रिक्षावाल्या चाचांनी माझी बॅग उचलली आणि विचारलं, "कां से आए बेटा?" मी म्हटलं, रत्नागिरी. "हौ? फिर तो हापूस लाए होंगे!" डिसेंबरात हापूस! मी सांगितलं की अजून मोहोरही धड नाही. "तो काय कू आए?" म्हणाले आणि स्वतःच खो-खो हसत सुटले.

कमलआत्याने जेवायला येसर आमटी केली होती. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ लावून ही आमटी करतात. दाट, तिखट आणि अशी खमंग की नारळाशिवाय आमटी होते यावर माझा तिथे पहिल्यांदा विश्वास बसला. ज्वारीची भाकरी मात्र माझ्या घशाखाली उतरेना. आत्या म्हणाली, "कुस्करून घे गं, तोंडात तुकडे काय ठिवती?" मग बरं चाललं.

जेवताना मी मोठ्या उत्साहाने वहीबद्दल बोलत होते. आत्याने भाकरी परतता परतता विचारलं, "तू कशाला चालली तिथं?"

"नाव ऐकायला! तुझंही असेल ना?"

"मपलं? येडी का खुळी. लेकी नाय लिहीत त्यात."

मला वाटलं, आत्या थट्टा करतेय. मी बाबांकडे पाहिलं तर ते ताटात बघत होते. "सुनांची नावं अन् माहेर लिहितात," आत्या म्हणाली, "लेकी कशाला लिहितील? आमी तर वाचताना बी ऐकलं नाय कधी. भाट आला की आमी चुलीपुढं."

हात्तिच्या! म्हणजे मी एवढी अख्खा महाराष्ट्र आडवा कापून आले ती दुसऱ्यांची नावं ऐकायला? मी तिथेच भांडायला सुरुवात केली. आत्याला विचारलं, तुला कधी राग नाही आला? ती म्हणाली, "राग येऊन काय करती? सासरच्या वहीत हाय की मी." तिला ते पुरत होतं, पण मला नव्हतं. मला सासर नाही, आणि असतं तरी माझं नाव मला माझ्या घरात हवं होतं. मी बाबांना सांगितलं, "तुम्ही भाटांना सांगायचं. मला लिहून घ्यायचं. नाहीतर मी इथूनच परत जाते." बाबा म्हणाले, "बघू."

दौलताबाद

दुसऱ्या दिवशी भाऊकाकांनी गाडी पाठवली. वाटेत दौलताबादला थांबलो. किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. एका मावशीने पेरू कापून तिखटमीठ लावता लावता मला विचारलं, "कोणाची तू?"

मला कळेचना. आमच्याकडे विचारतात घर कुठलं, वाडी कुठली. मी म्हटलं, मुक्ता. "नाव नाय विचारलं. कोणाची?" शेवटी बाबांनी सांगितलं, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, गावाचं. "मंग आसं सांग की!" म्हणत तिने एक पेरू जास्तीचा दिला. बापाच्या नावावर मिळालेला पेरू मी खाल्ला, चांगला गोड होता.

किल्ल्याची अंधारी म्हणजे खडकात खोदलेला, वळणावळणाचा, काळाकुट्ट जिना. शत्रूला चकवायला केलेला. तिथे माझी चप्पल तुटली आणि मी तीन पायऱ्या बुडावर घसरले. मागून येणाऱ्या शाळेच्या सहलीने जो काय दंगा केला म्हणता! बाबांनी मला धरून उठवलं, आणि त्या अंधारात, पोरांच्या किंचाळण्यात, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मुक्ता, इथूनच परत जायचं का? भाऊला सांगू, पाय मुरगळला."

मी हसले. म्हटलं, माझा नाही, चपलेचा पाय मोडलाय. बाबा हसले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

देवगाव रंगारीच्या पुढे

देवगाव रंगारीत नवीन चप्पल घेतली आणि पुढे आमच्या गावी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दोन्हीकडे कापूस वेचून झालेली शेतं, मधे ज्वारीचे हिरवे पट्टे. कोकणात दहा पावलांवर डोंगर आडवा येतो. इथे नजर जाते जाते आणि कुठे थांबतच नाही. काकूंनी शेतातच हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं भाजून तळहातावर चोळायची आणि गरम गरम दाणे लसणीच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. माझे हात भाजले, जीभ भाजली, तरी मी सगळ्यांत जास्त खाल्ला. काकू म्हणाल्या, "खाती तर घरच्यावानी." मला ते फार आवडलं.

तेवढ्यात शेजारच्या बांधावरून एक म्हातारे बाबा आले. माझ्या बाबांना कडकडून भेटले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही लेक व्हय? अन् रणजित नाय आला?"

"नाही," बाबा पटकन म्हणाले आणि त्यांना पिकाचं विचारू लागले. मला वाटलं, म्हातारबाबांनी दुसऱ्या कुणाच्या मुलाशी गल्लत केली. माझ्या दुकानातही म्हातारी माणसं मला रोज कुणा ना कुणाच्या नावाने हाक मारतात.

मारुतीच्या सभामंडपात

सकाळी आठला मारुतीच्या देवळात सगळी भावकी जमली. तीसेक पुरुष आणि मी. भाऊकाकांच्या कपाळाला आठी पडली, पण पाहुणी म्हणून कुणी उठवलं नाही. भाटबाबा साठीचे, मोटारसायकलवरून आलेले, नाकावर जाड चष्मा. घोंगडीवर बसून त्यांनी लाल फडकं सोडलं. आतली वही केवढी असावी? पोळपाटाएवढी रुंद आणि दोन विटांएवढी जाड. नारळ फुटला, उदबत्ती लागली आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. गाणं नाही, बोलणं नाही, मधलाच काहीतरी सूर. मूळपुरुष सटवाजी. सटवाजीचे राघोजी. राघोजीचे तीन, थोरले खंडोजी... कोण दुष्काळात गाव सोडून गेला, कोण परत आला, कुणी विहीर बांधली. मला एकही माणूस माहीत नव्हता आणि सगळे माझे होते. मी मोबाइल पुढे धरून बसले होते. आजोबांचं नाव आलं. मग बाबांचं.

"त्यांचे सुधाकर, हल्ली मुक्काम रत्नागिरी. सुधाकरचे पुत्र एक. रणजित. हयात. शिक्षण चालू."

मोबाइल माझ्या हातातून मांडीवर पडला.

भाटबाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सुधाकरराव, रणजितचं लगीन झालं का? सूनबाईचं नाव, माहेर सांगा. पोरंबाळं किती?"

तीस माणसं, आणि प्रत्येक जण आपापल्या गुडघ्याकडे बघतोय. गल्लत करणारे ते म्हातारबाबा नव्हते तर! सगळ्या गावाला रणजित माहीत होता. मीच एकटी त्याला ओळखत नव्हते.

"कोण रणजित?" मी विचारलं.

"मुक्ता, मागनं सांगतो, गप बस," भाऊकाका म्हणाले.

"आत्ता सांगा! माझ्या बापाला मुलगा आहे आणि मला माहीत नाही? कुठे असतो तो?" खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई, मला माफ कर.

"कुठंच नाय," भाऊकाका कसेबसे म्हणाले. "नाहीच तो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. माझ्या जन्मानंतर आईचं ऑपरेशन झालं आणि पुढे मूल होणार नाही हे कळलं. त्याच वर्षी भाट आले होते, या भाटबाबांचे वडील. मुलगा नसला की वहीत लिहितात, 'पुढे वंश नाही', आणि मग दर खेपेला ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात. माझ्या आजोबांना, म्हणजे तात्यांना, ते ऐकवणार नव्हतं. त्यांनी भावकीच्या देखत सांगितलं, सुधाकरला मुलगा झाला, नाव रणजित. कुणी तोंड उघडलं नाही.

"पण 'शिक्षण चालू' कुणी लिहिलं?"

"ते मागच्या खेपेला म्या सांगितलं," भाऊकाका म्हणाले. "आजोबा गेल्ते तुझे. नाय म्हनलं असतं तर ते खोटे पडले असते. गेलेल्या मानसाला खोटं कसं पाडायचं?"

"म्हणून त्याला शाळेत घातलंत?"

"तेरा वर्षांचा व्हता ना मंग तो! घरी बसवून ठिवायचा का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र हसू येईना. मी बाबांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो," बाबा म्हणाले. "तात्यांनी त्याच दिवाळीत सांगितलं."

पंचवीस वर्षं! अंधारीत पाय मुरगळल्याची थाप त्यांना का मारायची होती, ते आता उमगलं.

भाटबाबांचा चेहरा माझ्याहून जास्त पडला होता. त्यांनी वही मिटली. "माझ्या बापाच्या हातनं खोटं लिहून घेतलं तुमी. या वहीत आजवर एक नाव खोडलेलं नाय. खोडायची रीतच नाय. आता म्या काय करू?"

भाऊकाकांकडे उपाय तयार होता. "लगीन लावून टाका त्याचं. दोन पोरं लिहा."

"कोणाशी?" मी ओरडले.

"बरं, मंग रणजित म्हंजी हीच आसं धरा. उर्फ मुक्ता लिहा. वंश बी ऱ्हातो, लेक बी येती."

दोन-चार माना हलल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी रणजित नाही. त्याच्या नावाने मला तुमच्या वहीत यायचं नाही. लिहायचं तर मुक्ता म्हणून लिहा, नाहीतर राहू दे." म्हणताना माझा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आलं. रागावले की मला रडू येतं, त्याचा मला आणखी राग येतो.

बाबा उठून उभे राहिले. वीज खात्यात सगळं आयुष्य खालमानेने काढलेला माणूस. मी त्यांना चारचौघांत उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"रणजित मयत, लिहा," ते म्हणाले.

"सुधाकर!" भाऊकाका कळवळले.

"मयत लिहा. आणि पुढे वंश नाही असं लिहू नका. पुढे लिहा, कन्या मुक्ता."

भाटबाबा म्हणाले, "लेकीला लिहायची रीत नाय, सुधाकरराव."

"नसलेला मुलगा तुम्ही पंचवीस वर्षं वागवलात," बाबा म्हणाले. "ही तर समोर बसली आहे. तिला लिहायला काय अडचण आहे?"

भाटबाबांनी चष्मा काढून धोतराने पुसला. मग वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि मला जवळ बोलावलं. "तुपलं पूर्ण नाव सांग, पोरी. जन्म कुठला?" मी सांगितलं. त्यांनी सावकाश लिहिलं. भावकीतले दोघं उठून निघून गेले, पण भाटबाबांनी मान वर केली नाही. लिहिलेलं एकदा वाचायचंच असतं, म्हणून सटवाजीपासून पुन्हा सगळं वाचलं. शेवटी, "सुधाकरचे पुत्र रणजित, मयत. कन्या मुक्ता, हयात." ते 'हयात' ऐकून माझी छाती अशी भरून आली म्हणून सांगू! मोबाइलवर घ्यायचं साफ विसरले.

वही फडक्यात बांधताना भाटबाबा म्हणाले, "मयत लिहिलाय. घरच्यांनी डोईवरनं पाणी घ्या. मंगच जेवा."

दूरच्या नात्यातल्या माणसाच्या मरणाची बातमी उशिरा कळली की अंघोळ करतात, हे आमच्याकडेही आहे. पण हे? मी मोठ्याने हसले. बाकी कुणी हसलं नाही. भाऊकाका निमूट उठले, सदरा काढला आणि देवळाबाहेरच्या नळाखाली जाऊन बसले.

भाऊकाकांच्या घरामागे

घरी आलो तर बाबा दिसेनात. काकूंनी मला टॉवेल दिला आणि मागच्या बाजूला बोट केलं. तिथे हौद आहे, शेजारी धुण्याचा दगड. मी जिंकलेली होते, खुशीत होते, डोक्यात बाबांना काय काय म्हणायचं ते जुळवत गेले. म्हणणार होते, शाब्बास, अख्खी भावकी गार केलीत.

बाबा दगडावर बसून तांब्याने डोक्यावर पाणी घेत होते. एक तांब्या झाला की थांबत, मग दुसरा घेत. जवळ गेल्यावर कळलं की ते रडत होते. खांदे हलत होते आणि तोंडातून आवाज येत नव्हता.

"बाबा! अहो, कोणासाठी? नव्हताच ना तो!"

"माहीत आहे गं," बाबा म्हणाले. तोंडावरून पाणी निथळत होतं. "तात्यांनी नाव सांगितलं ना, तेव्हापासून... तू दहावीला होतीस तेव्हा वाटायचं, आता त्यालाही मिशा फुटल्या असतील. तुझी सायकल आणली तेव्हा एकदा दुकानात मुलांची सायकल उगाच बघून आलो. कुणाला काय सांगणार? तुझ्या आईला तर कधीच नाही बोललो."

सव्वीस वर्षं मी समजत होते की या माणसाला मी एकटी पुरते. जत्रेत, बसमध्ये, समुद्रावर, सगळीकडे आम्ही तिघं होतो, आणि त्यांच्या मनात चौथा चालत होता. मला भयंकर राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. आणि थोडीशी, सांगायला लाज वाटते, पण असूयाही वाटली, जो कधी जन्मलाच नाही त्याची.

"तुम्हीच तर सांगितलंत मयत लिहा म्हणून," मी म्हटलं.

"हो. तुम्हा दोघांना मनात धरून नसतं चाललं."

ते उठले. दगडावरून बाजूला झाले आणि हौदातून तांब्या भरून घेतला.

"ये," म्हणाले. "तुलाही घ्यायला हवं. बहीण ना तू त्याची."

मला टॉवेल फेकून निघून जायचं होतं. पण बाबा तांब्या धरून उभे होते. मी टॉवेल हौदाच्या कठड्यावर ठेवला, नव्या चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्या दगडावर जाऊन बसले.